दोन वाजताचं टेबल

खोलीचं वर्णन मी घड्याळात करते. दारात उभं राहायचं. दार म्हणजे सहा. बरोबर समोर बारा, उजव्या हाताला तीन, डाव्या हाताला नऊ. मग एकेक वस्तू तिच्या तिच्या आकड्यावर बसवायची. आमच्या केंद्रातल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत बाराला खिडकी आहे, तीनला बेसिन, नऊला पुस्तकांचं कपाट आणि अकराला कपडे अडकवायच्या खुंट्या. ज्यांची नजर मोठेपणी गेली आहे अशा माणसांना पुन्हा आपलं आपण चालायला शिकवणं हे माझं काम. चौदा वर्षं मी तेच करते आहे.

या कामात नियम एकच. जे आहे ते सांगायचं, आणि सांगितलं ते तिथेच असलं पाहिजे. खुर्ची वीतभर सरकवायची असली तरी आधी मोठ्याने बोलायचं, मग सरकवायची. झाडूवाल्या मावशींनी एकदा न सांगता वाटेत बादली ठेवली, तेव्हा मी त्यांना इतकं फैलावर घेतलं की दोन दिवस त्यांनी माझ्याशी अबोला धरला. त्यांचं म्हणणं, एका बादलीसाठी एवढं काय? पण शिकणाऱ्यांसमोर जी खोली असते ती मी सांगितलेली खोली असते. दुसरी त्यांच्याजवळ नसते.

त्या खेपेला शिकायला सहा जण होते, आणि त्यांतला एक माझा सख्खा मोठा भाऊ होता. बाकीचे मला बाई म्हणत. दादा मला लहानपणापासून म्हणत आला तेच म्हणायचा, बारके.

दादा फरशी बसवायचा. सव्वीस वर्षं त्याने तेच केलं. लेव्हल लावायच्या आधी तो अनवाणी पायाने खोलीभर चालायचा आणि सांगायचा, इकडे दोन सूत उतार आहे. लेव्हल लावली की दोन सूतच निघायचा. काचबिंदूने त्याचे दोन्ही डोळे नेले, तेही त्याने सोसलं. पण एके दिवशी घरच्याच जिन्यावर, पायरी आहे समजून त्याने पाय टाकला आणि पायरी संपलेली होती. पायाचं हाड जुळलं. त्यानंतर सात महिने तो पलंगावरून उतरला नाही. ज्याने जन्मभर लोकांच्या पायाखाली जमीन घातली, त्याचा जमिनीवरचाच विश्वास उडाला.

वहिनी दहा तास कामावर असते. तिने मला स्पष्ट सांगितलं, "मी त्यांना घरात कोंडून जाऊ शकत नाही. सहा आठवड्यांत स्वतःचं स्वतः करायला लागले तर घरी नेते. नाहीतर अंधांच्या निवासात जागा मिळते आहे, तिथे ठेवते." तिचंही चूक नव्हतं. पण ते निवास मी बघून आले होते. तिथे माणसांना पलंगावर ठेवतात, पलंगावरच जेवायला देतात आणि सगळं कसं स्वच्छ असतं. दादा तिथे गेला असता तर पुन्हा उठला नसता. मी हट्टाला पेटले. सहाव्या शनिवारी आमची परीक्षा असते. एकट्याने खोली ओलांडायची, जिना उतरायचा, कोपऱ्यावरच्या दुकानातून साबण आणायचा. दादा साबण आणणार, असं मी वहिनीला सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तो चार पावलं चालला. प्रत्येक पावलाआधी विचारत होता, "बारके, जमीन आहे ना?"

मी म्हणत होते, "आहे."

तिसऱ्या दिवशी सकाळी वर्ग भरायच्या आधी मी खोलीतून फिरत होते, तेव्हा बेसिनच्या थोडं पलीकडे, दोनच्या जागी, माझा पाय खाली गेला. आमची जमीन लाकडी फळ्यांची आहे. बेसिनचं पाणी झिरपून तिथली फळी कुजली होती. टाच दाबली की वाकत होती. खाली नऊ फुटांवर कोठीची खोली. मी सुताराला फोन केला. तो म्हणाला, आठ दिवस तरी जमणार नाही. जिन्यावर काठ्या वाजायला लागल्या होत्या. खुर्ची ठेवावी तर ती कोणीही सरकवतं. दोरी बांधावी तर तिच्यातच पाय अडकायचा. आणि खरं सांगावं, की इथली जमीन कुजली आहे, तर दादा खाली बसला असता तो कायमचाच.

म्हणून मी म्हटलं, "आज खोलीत एक नवीन वस्तू आली आहे. दोनला टेबल ठेवलंय. जड आहे, त्याच्या लांबून जायचं."

"केवढं?" मास्तरांनी विचारलं. हे शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाले तरी त्यांना मापाशिवाय चैन पडत नसे.

"चार फूट बाय अडीच."

"कशाचं?"

"लाकडी. कोपरे टोकदार आहेत, जपा."

"ड्रॉवर?"

"एक आहे. पण अडकतो."

खोटं बोलायचं तर मापात बोलावं. मी मापात बोलले, आणि ते पचलं. सगळे दोनच्या जागेला हातभर अंतर ठेवून जायला लागले. माझा जीव भांड्यात पडला.

सुतार दहाव्या दिवशी आला. वर्ग नव्हता, खोली रिकामी होती. त्याने हत्यारांची पिशवी दारात ठेवली आणि बेसिनकडे गेला, तो सरळ न जाता खिडकीकडून वळसा घालून गेला. फळीचं माप घेतलं, तोही गुडघ्यांवर बसून, मान खाली घालून. मी विचारलं, "असं वाकून का?"

"कोण, मी?" तो म्हणाला. मग स्वतःच जरा विचारात पडला. "सवय असेल."

नवी फळी त्याने पक्की बसवली. मी तिच्यावर उड्या मारून बघितलं. आता नियमाप्रमाणे मला एवढंच सांगायचं होतं, की टेबल काढलं आहे. पण तोवर दादाला एक वाट सापडली होती. दारापासून तिरकं, टेबलापर्यंत सात पावलं, तिथून डावीकडे वळून खिडकी. ही त्याची पहिली वाट, जिच्यावर तो मला काही विचारत नव्हता. ती मोडायला माझा हात धजावला नाही. परीक्षा होऊ दे, मग सांगू, असं मी ठरवलं.

त्याच आठवड्यात सहा जणांतल्या टेलिफोनमावशींनी मला बेसिनपाशी बोलावून घेतलं. त्या पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. त्यांनी मांडी चाचपत विचारलं, "बाई, इथे काळंनिळं पडलंय का हो? दुखतंय फार." मी बघितलं. मांडीच्या बाजूला रुपयाएवढा जांभळा डाग होता. "तुमच्या त्या टेबलाचा कोपरा लागला," त्या म्हणाल्या. "चूक माझीच. तुम्ही सांगितलं होतं, जपा म्हणून."

मी त्यांना मलम दिलं. कपाटाला धडकल्या असतील, असं स्वतःला सांगितलं.

दोन दिवसांनी पाण्याचा ग्लास. मावशींनी बेसिनवर ग्लास भरला, दोन पावलं आल्या आणि हात पुढे करून तो ठेवून दिला. मी तेव्हा पाठमोरी होते, दादाची काठी धरायची पद्धत दुरुस्त करत होते. वळून बघितलं तर ग्लास जमिनीवर उभा होता, दोनच्या जागी, काठोकाठ भरलेला. एक थेंब सांडलेला नव्हता. स्टीलचा ग्लास फळ्यांवर ठेवला की टण्ण वाजतो. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

आणि मावशी वाकल्या नव्हत्या. त्यांचा गुडघा वाकत नाही.

मला त्या दिवशी भीती वाटली नाही. राग आला. चौदा वर्षं मी डोळ्यांत तेल घालून या खोलीतली प्रत्येक वस्तू जागेवर ठेवली होती, आणि जी मी ठेवलीच नाही ती कोण आणून ठेवणार? दुपारी सगळे जेवायला खाली गेल्यावर मी दार लावून घेतलं. ऊन खिडकीतून थेट दोनच्या जागी पडलं होतं. नव्या फळीचा पिवळा रंग तेवढा वेगळा दिसत होता. मी त्या जागेवरून आडवी गेले, उभी गेले, वीसदा तरी गेले. हवा होती. बाकी काही नव्हतं.

मग मी पुन्हा दारात गेले आणि डोळे मिटले. सात पावलं.

सातव्या पावलाला माझं कंबरेचं हाड कशावर तरी आपटलं.

मी डोळे उघडले नाहीत. हात पुढे केला. कड लागली. कडेने हात नेला, तर कोपरा लागला, टोकदार. वरची बाजू लाकडी होती, म्हणजे ते लाकूड आहे एवढंच हाताला कळत होतं. गुळगुळीत नव्हती आणि खडबडीतही नव्हती. गार नव्हती, उन्हात असून तापलेलीही नव्हती. ड्रॉवरची कडी मला लागली नाही, पण खालून बोटं घालून ओढलं तर ड्रॉवर दोन बोटं बाहेर आला आणि अडकला. मी जोर लावला. तो अडकलेलाच राहिला.

मग मी हात खाली नेला. पाय चाचपायला. एका कोपऱ्याखाली हात घातला, मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. खाली काही नव्हतं. मास्तरांनी लांबी विचारली होती, रुंदी विचारली होती, ड्रॉवर विचारला होता. पायांचं कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा मी नव्या फळीवर गुडघे टेकून बसले होते आणि माझे हात रिकाम्या उन्हात होते. कंबर रात्रीपर्यंत ठणकत राहिली.

आणखी तीन आठवडे गेले, परीक्षेला तीन दिवस उरले होते. दादा आता जिना उतरत होता. "जमीन आहे ना" हे त्याने कधी बंद केलं ते माझ्या लक्षातही आलं नाही. वहिनी येऊन बघून गेली, दारात उभी राहून रडली, आणि दादाने तिला म्हटलं, "रडतेस काय, साबण कुठला आणू ते सांग." मी ठरवून टाकलं होतं. टेबल असो वा नसो, शनिवार पार पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

गुरुवारी सकाळी दादा सात पावलं चालून टेबलापाशी थांबला. त्याने काठी काखेत धरली आणि एक हात हवेत टेकवला. कोणी टेबलावर टेकवतो तसा, सगळा भार टाकून. दुसरी काठी त्याच्या मागे वाजत होती, मास्तरांची. ती जमिनीलगत पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली.

"गंमत आहे," मास्तर म्हणाले. "याच्या खालून काठी आरपार जाते हो. पाय कुठे आहेत?"

दादाचा हात तिथेच राहिला. पण त्याचा चेहरा मी ओळखते. जिन्यावरून पडल्यानंतर सात महिने मी तोच चेहरा बघत होते.

तो वाकला. खालून हात फिरवला, हळूहळू, फरशीखालचा पोकळपणा चाचपावा तसा. मग सरळ झाला.

"बारके," तो म्हणाला, "याला पाय आहेत का?"

"चार आहेत" एवढंच म्हणायचं होतं. आणि मला पक्कं माहीत होतं, की मी म्हटलं की त्याच क्षणी चार पाय येतील. मास्तरांची काठी लगेच खट् वाजेल. दादाचा चेहरा निवळेल, शनिवारी साबण येईल, वहिनी त्याला घरी नेईल.

पण घरी गेल्यावर काय? तिथे एखाद्या दुपारी त्याला हाताला काहीतरी लागेल, आणि विचारायला मी नसेन. माझ्या शब्दावर उभी असलेली एकही वस्तू मला त्याच्या वाटेत नको होती. आज तो कोसळला तर मी पुन्हा पहिल्या पावलापासून सुरुवात करीन. सहा आठवडे नाही तर सहा वर्षं लागोत. पण खऱ्या जमिनीवर.

"नाहीत," मी म्हटलं. "टेबलच नाही, दादा. कधीच नव्हतं. तिथली फळी कुजली होती. तू घाबरशील म्हणून मी सगळ्यांना खोटं सांगितलं. आता फळी बदलली आहे. तिथे काही नाही."

खाली रस्त्यावरून एक हातगाडी गेली, तिचा आवाज लांब जाईपर्यंत ऐकू आला.

"मग माझ्या मांडीला काय लागलं, बाई?" मावशींनी अगदी हळू विचारलं.

मास्तर हसले. "आम्ही सहा जण रोज हात लावतो. तुम्ही एकट्या बघता, आणि म्हणता नाही. हिशेब कुणाचा धरायचा?"

दादा हसला नाही. "फळी कुजलेली होती तेव्हाही मी तुला विचारलं होतं, जमीन आहे ना. तू आहे म्हणालीस."

"मी तुला तिकडे जाऊ दिलं नाही, दादा. एक पाऊलही."

"ते मी विचारलं नव्हतं."

तो खाली बसेल म्हणून मी हात पुढे करून तयार राहिले. तो बसला नाही. त्याने काखेतली काठी काढली आणि ताठ उभा राहिला, कामाच्या जागेवर पहिल्या दिवशी उभा राहायचा तसा.

"सगळे थांबा," तो म्हणाला. "आता माझं मी बघतो. तिने सांगितलेलं सगळं एकदा तपासायचं."

तो बेसिनकडे गेला. नळ सोडला, पाण्याखाली हात धरला, नळ बंद केला. "आहे," तो म्हणाला.

खिडकीकडे गेला. काचेवर बोटं वाजवली. "आहे."

खुंट्या एकेक मोजल्या. "आहेत." कपाटातलं एक पुस्तक काढून पुन्हा आत सरकवलं. "आहे."

एकदाही तो अडखळला नाही. मी मागे सरून दारात उभी राहून बघत होते, आणि माझे डोळे भरून आले होते. सात महिने पलंगावर पडलेला माझा भाऊ एकटा खोलीभर फिरत होता.

मग तो टेबलापाशी आला. त्याने दोन्ही तळवे वर टेकवले. पायाने नवी फळी दाबून बघितली, टाच आपटली.

"फळी पक्की आहे," तो म्हणाला. "टेबलही आहे."

"पण पाय?" मास्तर म्हणाले.

"नसू देत. मी जमिनीवर फरशी घालायचो. जमीन कशावर आहे ते कधी विचारलं नाही."

आणि तो दाराकडे वळला.

सात पावलं. मी मोजत होते. मी दाराच्या मधोमध उभी होते. काठी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फळ्यांवर वाजत येत होती. मी पाय जुळवून ठेवले, म्हणजे काठी माझ्या चपलांना लागेल आणि तो थांबेल. थांबला की मी त्याची माफी मागणार होते.

"दादा," मी म्हटलं. "मी इथे आहे."

तो चालत येत राहिला.

काठी माझ्या डाव्या बाजूला वाजली. मग उजव्या बाजूला वाजली. मध्ये ती कुठे अडली नाही. तिचा आवाजही तुटला नाही.

दादाने आणखी एकदा, सावकाश, काठी फिरवून बघितली. त्याची खात्री झाल्याशिवाय तो कधीच कुठलं काम सोडत नाही.

"इथे काही नाही," तो मागच्यांना म्हणाला. "दार मोकळं आहे. चला."

जिन्यावर त्याची पावलं वाजली. अठरा पायऱ्या, कुठेही न थांबता. खाली रस्त्याचं दार उघडलं आणि तो कोपऱ्याच्या दिशेने निघाला, शनिवारची वाटही न बघता. मला फार आनंद झाला. तो मी अजून विसरलेले नाही.

त्याच्यामागून मास्तर गेले, मग मावशी, मग बाकीचे तिघे, एकामागून एक, आपसात बोलत. ते दार अडीच फुटांचं आहे. मी बाजूला झाले नव्हते.